केतकीचं झाकलेलं ताट

ह्या गोष्टीतल्या एका अक्षरावर तरी इश्वास ठेवून दाखव. मग तुला शहाणा म्हणीन.

"आजारच नाही, तर औषध कशाला, अम्मा?"

असं म्हणत केतकीनं गोळ्यांची बाटली गुरूपुढं आदळली. मिरजेतलं किन्नरांचं घर ते. तिथं गुरू म्हंजे आईबी आन सासूबी. फत्तेअम्मा तर दोन्हींच्या वरताण.

"रक्त तपासलं?"

"तपासलं. काही निघालं नाही. दवाखान्यातली ताई म्हणती, एचआयव्ही व्हायच्या आधीपास्नंच रोज एक घे, म्हंजे होणार नाही."

"मग घे की. कडू हाय व्हय?"

"घेतली तर सुभानवर माझा भरवसा नाही, असं होतंय."

मान कशी ताठ! साऱ्या घरात दादला असलेली ती एकटीच. ट्रक चालवायचा सुभान.

"एवढा भरवसा? मग त्यालाबी म्हण, रक्त तपासून ये."

केतकीनं बाटली आपल्याकडं ओढली.

"म्हणालीस का?"

"म्हणाले, तर... परत यायचा नाही तो."

अम्मा हसली नाही. एरवी मयताच्या घरीबी हसायची ती.

दुपारची वेळ. बाकीच्या बाजारात दुकानोदुकानी पैसे मागायला गेलेल्या. घर कसं सुनं. चुलीपाशी दोन ताटं वाढलेली, त्यातलं एक झाकलेलं.

"ते कुणाचं गं?"

"त्याचं."

"आज येणाराय?"

केतकीनं ताटावरचं झाकण नीट केलं.

"मागं कवा आलता?"

"शिमग्याला."

आता आखाड चालला होता, बघ! आन ही बया रोज त्याचं ताट वाढायची. दिवस मावळला की तीच गार भाकरी उभ्या उभ्या खायची. कुणी बघू नये म्हणून.

केतकीनं बाटलीवर पदर टाकला. "बाकीच्या बाटली बघतील, अम्मा. म्हणतील, लागला हिला रोग."

"म्हणू देत. मला टकली म्हणत्यात, मी मेले का?"

केतकीला हसू आलं, आन हसता हसता डोळं भरलं.

अम्मा उठली. सुभानच्या ताटावरचं झाकण काढलं. बाटलीतली एक गोळी काढून भाकरीशेजारी ठेवली. ताट केतकीपुढं सरकवलं.

"बस. हिच्यासंगं जेव. ही रोज येती."

...

माझ्या तोंडाकडं काय बघतोस? नीघ आता.