सदोबा निरोप घेतो

एका गावात सदोबा नावाचा एक भोळा होता. भोळा असं गाव म्हणायचं. आई म्हणायची, माझा लेक आज्ञाधारक आहे. या आज्ञाधारक लेकाचे दोनाचे चार हात व्हावेत, एवढाच तिला ध्यास होता.

एकदा सदोबा आजारी मावशीला भेटायला गेला. उठताना म्हणाला, "मावशी, जातो." मावशीचा चेहरा पडला. घरी आईनं कान उपटले.

"अरे, जातो म्हणू नये! छान हसून येतो म्हणावं."

"बरं," सदोबा म्हणाला.

पुढे शेजारचे आबा वारले. सदोबा भेटायला गेला. घरात रडारड चाललेली. तो बराच वेळ शहाण्यासारखा बसला. मग उठला, छान हसला आणि म्हणाला, "येतो हं!" आबांचा थोरला लेक काठी शोधू लागला.

आईनं कपाळावर हात मारला. "मेल्या, दुखवट्याच्या घरी येतो म्हणतात का? खाली मान घालून मुकाट निघायचं. मागं वळून बघायचं नाही."

"मग आधी सांगायचं ना!"

अशा या रत्नाला मामानं स्थळ आणलं. मुलीचं नाव इंदू. पोहे झाले, चहा झाला. तिचे वडील तात्या अदबीनं म्हणाले, "मग, कशी वाटली आमची इंदू?" सदोबानं मान खाली घातली, उठला आणि मागं न बघता थेट एसटी स्टँड गाठला.

आई रडायचीच बाकी होती. "अरे, मुलीकडच्यांनी विचारलं तर तोंड उघडावं! विचार करून कळवतो म्हणावं!"

"बरं."

मामा मोठा मुत्सद्दी. मुलगा लाजाळू आहे, असं त्यानं तात्यांच्या गळी उतरवलं. लाजाळू जावई कुणाला नको? सदोबाच्याच दारात मांडव पडला. आईला आभाळ ठेंगणं झालं.

कन्यादानाची वेळ आली. तात्यांनी लेकीचा हात सदोबाच्या हातात दिला.

"जावईबापू, सांभाळाल ना माझ्या इंदूला?"

सदोबानं आईकडे बघितलं. आई जोरजोरात मान डोलवत होती.

"विचार करून कळवतो," तो म्हणाला.

सनई थांबली. कळवतो म्हणून गेलेली मुलं तात्यांनी बरीच पाहिली होती. एकानंही कळवलं नव्हतं. त्यांनी लेकीचा हात काढून घेतला. मुलीकडची सगळी मंडळी उठली आणि खाली मान घालून मुकाट निघाली. कुणी मागं वळून बघितलं नाही.

आई मटकन खाली बसली. सदोबा कौतुकानं बघतच राहिला.

"आई, किती रीतीची माणसं गं! पण आपल्याकडे वारलं कोण?"