पेजेच्या म्हातारीचं मागचं दार

एकदा काय झालं, खाडीकाठच्या एका गावात एक मुलगी होती. नाव शलाका. वय अकरा. बाबांची पिठाची गिरणी, आई घरचं बघायची. शलाकाला एक मोठी बहीण होती, केतकीताई. ती नर्स झाली आणि दूर मस्कतला नोकरीला गेली. जाताना अख्खी आळी तिला गाडीपर्यंत सोडायला आली होती.

आता तुम्ही विचाराल, आजी, फोन नव्हता का? होता की. पण फोन आला की आधी बाबा बोलायचे, मग आई, मग शेजारची काकूसुद्धा. शलाकाच्या वाट्याला यायची दोन मिनिटं. आणि ताई काय बोलायची? मी बरी आहे, जेवले, तू अभ्यास कर. झालं. शलाकाला ते पटायचं नाही. बरी असलेली माणसं इतक्या घाईने बरी आहे म्हणत नाहीत, बरं का.

तर ताई एक गेम खेळायची. मोबाईलच्या काचेत एक आख्खा देश होता. माझा काही त्यावर विश्वास नव्हता, पण शलाकाने मला दाखवला, म्हणून सांगते. त्या देशात खेळणाऱ्या प्रत्येकाचं एक बाहुलं असतं. बाहुल्याच्या डोक्यावर आकडा असतो. त्याला म्हणतात लेव्हल. रानडुकरं मारली की आकडा वाढतो. नवी जागा पाहिली की थोडा वाढतो. हिंडायचं, मारायचं आणि मोठं व्हायचं, एवढाच तिथला धंदा.

देशात तीन मुलूख. आधी रान, मग डोंगर, मग तळं. तळ्याच्या मुलखाला दार आणि दारावर राखणदार. ज्याच्या डोक्यावर तीस, त्यालाच तो आत सोडायचा. आणि आत गेलेल्याला परत बाहेर यायला बंदी. ताईचा आकडा होता एकसष्ट. ती कधीची तळ्याच्या मुलखात होती. दर रविवारी दुपारी तासभर तिला सुट्टी मिळे, तेव्हा ती तिथे एकटीच फिरायची. आणि एका मुलखातल्या माणसांनाच एकमेकांशी बोलता येई.

एका रविवारी ताई फोनवर म्हणाली, "पुढच्या आठवड्यानंतर रविवारचीही पाळी लागलीय. मग काही खेळायला मिळणार नाही."

शलाकाने मनाशी ठरवलं. एकदा, एकदाच ताईबरोबर तासभर चालायचं, मध्ये कोणी न येता. हातात किती दिवस? सात. डोक्यावर आकडा किती? एक. आईने अभ्यासानंतर रोज एक तास मोबाईल द्यायचं कबूल केलं. मग ती लागली.

त्या देशात शिरल्या शिरल्या एक झोपडी होती. झोपडीत एक म्हातारी बसलेली. ती खरी नव्हे, गेमवाल्यांनीच ठेवलेली. येणाऱ्या प्रत्येकाला ती वाटीभर पेज द्यायची. पेज प्यायली की अंगात ताकद यायची. मग लोक काय करत? वाटी दुकानात देत, तिच्या बदल्यात बाण घेत आणि रानात पळत. म्हातारीकडे पुन्हा कोणी वळूनही बघत नसे.

शलाकानेही पेज घेतली. वाटी पिशवीत टाकली आणि रानात गेली. तिथे तिला एक बाई भेटल्या. जळगावच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, पण काचेतल्या देशात त्यांचं नाव होतं रणचंडी. हातात हा एवढा भाला. त्यांनी शलाकाला डुक्कर कसं गाठायचं ते शिकवलं. मंगळवारी शलाकाचा आकडा पाच झाला.

मग तिने पिशवी उघडली, तर आत वाटी. आता तुम्हाला आपली रीत ठाऊक आहे. शेजारून आलेली वाटी ठेवून घ्यायची नाही, आणि परत देताना रिकामी द्यायची नाही. शलाकाच्या आईचा तर त्यावर भारी कटाक्ष होता. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालेल, पण रिकामी वाटी तिच्या हातून उंबऱ्याबाहेर जायची नाही. शलाकाने रानातली करवंदं तोडली, वाटीत घातली आणि निघाली मागे.

रणचंडीबाई म्हणाल्या, "अगं, कुठे चाललीस?"

"म्हातारीची वाटी द्यायला."

"ती बाहुली आहे बाळा. तिला वाटी नको असते."

"माहितीये मला. पण मलाच कसंतरी वाटतं."

गेली. म्हातारीने करवंदं काढून घेतली, वाटी पुसली, आणि काय केलं? पुन्हा पेजेने भरून शलाकाच्या हातात दिली. म्हणजे वाटी परत हिच्याच गळ्यात! शेजाऱ्यांचं असंच असतं, बरं का. ते देतात, आपण देतो, संपतच नाही.

मग शलाका डोंगरात गेली. तिथे डुकरं नव्हती, लांडगे होते. तिने लांडगे मारले. कडे चढली, गुहा पाहिल्या, एका धबधब्यामागे शिरली. तिथे कोणी गेलेलंच नव्हतं, त्यामुळे एकदम दोन लेव्हल वाढल्या. बुधवारी आकडा झाला पंधरा. पिशवीत वाटी होतीच. तिने पोळ्यातला मध काढला, वाटीत घातला आणि पुन्हा मागे गेली. डोंगरातून झोपडीपर्यंत जाण्यायेण्यातच गुरुवारचा अख्खा तास संपला. म्हातारीने मध घेतला, वाटी पुसली, पेज भरली आणि परत दिली.

शुक्रवारी शलाका हात धुऊन लांडग्यांच्या मागे लागली. एका तासात अकरा लेव्हल. रणचंडीबाईंनी मदत केली म्हणून झालं, नाहीतर तिला काही जमलं नसतं. आकडा झाला सव्वीस. डोंगराच्या माथ्यावर तिला सोनकीचं पिवळं फूल मिळालं. त्या फुलाचा काही उपयोग नव्हता, ताकद नाही की काही नाही. पण ताईला देऊ म्हणून तिने ते जपून ठेवलं.

शनिवार उजाडला. रणचंडीबाईंनी हिशेब मांडला, गणिताच्याच बाई त्या. म्हणाल्या, "सव्विसाच्या पुढे लेव्हल फार सावकाश चढते. आजच्या तासात दोन होतील, फार तर. तीस काही होत नाही. परवा तू वाटी घेऊन मागे गेली नसतीस ना, तर झालं असतं बघ."

खरं होतं ते. म्हणून तर जास्त लागलं. शलाकाने मोबाईल खाली ठेवला आणि रडली. आई भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता आजचा तास काय करणार?"

"काय करू? म्हातारीची वाटी तेवढी राहिलीय."

"मग ती देऊन ये. लोकांची वस्तू कशाला ठेवायची?"

आई अशीच होती. शलाका डोळे पुसून उठली. पिशवीत पाहिलं, तर वाटीत घालायला काहीच नाही. होतं ते सोनकीचं फूल. ते द्यायचं तिच्या जिवावर आलं. पण ताई काही आता भेटणार नव्हती, आणि वाटी रिकामी देववत नव्हती. तिने फूल वाटीत ठेवलं आणि डोंगर उतरली.

म्हातारीने फूल घेतलं. वाटी पुसली. पण या वेळी पेज भरली नाही. वाटी फळीवर पालथी ठेवली आणि ती उठून उभी राहिली. त्या म्हातारीला उभी राहिलेली आजवर कोणी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "तीनदा वाटी घेऊन परत आलीस. आता तू परकी नाहीस. परक्यांनी पुढच्या दाराने जायचं, घरच्यांनी मागच्या."

आणि झोपडीला मागे एक दार होतं! इतक्या लोकांनी तिथे पेज प्यायली, पण आत दार आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं. शलाकाने हळूच ढकललं. बाहेर तळं. तिसरा मुलूख तो, थेट. राखणदार नाही, तीसचा आकडा नाही, काही नाही. तेवढ्यात तिचा तास संपला. तिने बाहुलं उंबऱ्यावर उभं केलं आणि मोबाईल आईला दिला.

रविवारी दुपारी शलाका दाराबाहेर पडली. तळ्याच्या काठावर चांदीचं चिलखत घातलेली एकजण बसली होती. डोक्यावर एकसष्ट.

"ताई."

ताई गर्रकन वळली. मग म्हणाली, "तू कशी आलीस? किती झाली लेव्हल?"

"सव्वीस. मागच्या दाराने आले."

ताई हसली. मग दोघी चालल्या. ताईने तिला पंखांचे मासे दाखवले, पाण्यात बुडालेला मनोरा दाखवला, आपोआप वाजणारी घंटा दाखवली. अर्धा तास गेला. हळूहळू ताईचं बोलणं कमी झालं आणि ती एका दगडावर बसली. शलाका शेजारी बसली.

मग ताई म्हणाली, "शलाका, मला घरी यायचंय."

"मग ये ना."

"कशी येऊ? सगळी आळी सोडायला आली होती. लोक काय म्हणतील? इथे खोलीवरची मैत्रीण नोकरी सोडून गेली. आठ दिवस झाले, पेशंटशिवाय कोणाशी बोलले नाही मी. घरी सांगायचं म्हटलं की तोंडातून शब्द फुटत नाही."

इकडे घरी आई खोलीच्या दारात उभी होती. तिने ते सगळं ऐकलं. ती आली आणि काचेत वाकून बघायला लागली. "यातली केतकी कुठली?" तिने विचारलं.

"ती चिलखतवाली," शलाका म्हणाली.

आई त्या चिलखतवालीला म्हणाली, "केतकी, मी अजून चार माणसांचा भात लावते. रोज ठरवते तिघांचा लावायचा, आणि रोज चौघांचाच लागतो. तू ये."

पलीकडून ताई रडल्याचा आवाज आला. मोठ्याने, लहान मुलीसारखा. पण ते रडणं बरं होतं, बरं का. इतके महिने ते आत अडून बसलं होतं.

मग काय, ताईने तिकडे रीतसर कळवलं, महिनाभर काम केलं आणि घरी आली. आळीतल्या लोकांनी दोन दिवस विचारलं, तिसऱ्या दिवशी विसरले. तालुक्याच्या दवाखान्यात तिला काम मिळालं. संध्याकाळच्या गाडीने ती रोज घरी यायची, आणि चौघांचा भात चौघं जेवायची.

काचेतल्या देशात शलाकाचा आकडा सव्वीसच राहिला. पुढे न्यायला तिला सवडच मिळेना. ताई शेजारच्या अंथरुणात असायची आणि दोघींच्या गप्पा काही संपायच्या नाहीत. शेवटी आई दिवा मालवायची, तेव्हा कुठे गप्प व्हायच्या. मीही आता मालवते. सरका जरा, पांघरूण नीट घ्या, आणि डोळे मिटा बघू.