करंजखिंडीतला गोजराईचा रांजण

फार जुनी गोष्ट आहे. आज ज्या बाया आज्या झाल्यात, त्यांच्या आज्या तेव्हा परकर नेसून बांधावर खेळत होत्या. गोऱ्यांचं राज्य होतं आणि समुद्रापलीकडं कसलीशी मोठी लढाई पेटली होती. कुणाची कुणाशी, हे खैरवळण गावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पण आठवडी बाजारात भरतीची दवंडी पिटली, आणि गावातली धडधाकट पोरं एकामागून एक करंजखिंड चढून निघून गेली.

त्यांत गोजराबाईचा केरबा होता. नवरा गेल्यावर तिनं रानात राबून वाढवलेला एकुलता एक. आणि त्याच्याबरोबर हैबती होता, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. दोघं लहानपणापासून माळावर गुरं राखायचे, आणि माळाच्या पल्याड, जिथं गावाची नजर पोचत नाही तिथं, एकाच फडक्यातली भाकरी खायचे. गावात मात्र हैबती गोजराच्या अंगणाबाहेर उभा राहायचा. तहान लागली तर ओंजळ पुढं करायचा, आणि ती वरून धार धरायची. तेव्हा तशीच रीत होती. गोजराला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

खिंडीत करंजाचं एक जुनं झाड होतं. तिथवर ती दोघांना पोचवायला गेली. केरबानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. हैबतीनं लांबून हात जोडले. मग दोघं उतरणीला लागले आणि दिसेनासे झाले.

वर्षं गेली. कुणाची खबर नाही, बात नाही. आणि एका सकाळी हैबती एकटाच परत आला, काखेत कुबडी घेऊन. डावा पाय गुडघ्यापासून नव्हता. तो आपल्या वस्तीकडं वळला नाही, सरळ गोजराच्या अंगणाबाहेर येऊन उभा राहिला. गोजरा शेण लावत होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या मागं रिकाम्या वाटेकडं बघितलं, आणि तिला कळलं.

"कसा गेला?" तिनं विचारलं.

"वाळूचा मुलूख हुता, गोजराई," हैबती म्हणाला. "नदी डोळ्यांम्होरं वाहत हुती आन् काठावर जाईल त्याला गोळी. आमच्या पलटणी निराळ्या, पर खंदक एकच. केरबाच्या पोटात गोळी लागली. दिसभर पाणी मागत हुता. त्यो एकलाच न्हवं. समदी पोरं मागत हुती. कोण कुठल्या मुलखातलं, बोली कळंना. पर आईला समदी आईच म्हनत हुती."

"मग? पाणी मिळालं का त्याला?"

 हैबतीनं मान खाली घातली. 

"मी रांगत गेलो नदीवर. बाटली भरून आणली. पाय तिथंच गेला. त्यानं माझ्या बाटलीला तोंड लावलं, गोजराई. दोन घोट पोटात गेलं, आन् मग गेला. माझ्या हातचं पाणी पिऊन गेला. गावाला काय सांगायचं ते तुमी ठरवा."

गोजरा रडली नाही. शेणाचे हात तसेच घेऊन ती उभी राहिली. मग हात धुऊन घरात गेली, तांब्या भरून आणला, अंगण ओलांडून त्याच्यापाशी गेली आणि तांब्या त्याच्या हातात दिला. वरून धार धरली नाही. तो तांब्याला तोंड लावून पाणी प्यायला. शेजारणींनी हे बघितलं, आणि सांजेपर्यंत गावभर झालं.

भटजी म्हणाले, देह सापडला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्या. गोजरानं ऐकून घेतलं. म्हणाली, "दोन घोटांनी ज्याची तहान भागली न्हाई, त्याला जाळून काय करू?" तिनं घरातला मोठा रांजण पाठीवर बांधला, खिंडीत नेऊन करंजाखाली ठेवला आणि पाण्यानं भरला. त्यावर एकच पितळी पेला पालथा घातला. येणाऱ्याजाणाऱ्यानं प्यावं, कुणीही प्यावं, त्याच पेल्यानं.

गावाला ते रुचलं नाही. आबाजी पाटील स्वतः खिंड चढून आले. "गोजरा, पाणी पाजतीस ही चांगली गोष्ट आहे. पण त्या लोकांसाठी शेजारी दुसरा रांजण ठेव. गावाची अब्रू आहे."

"पाटील," ती म्हणाली, "माझं लेकरू ज्याच्या हातचं पाणी पिऊन मेलं, त्याला मी निराळा रांजण कुठल्या तोंडानं ठेवू?"

पाटील उतरून गेले. दुसऱ्या दिवसापासून गावची विहीर तिला बंद झाली. कुणी तिच्याशी बोलेना. मग ती खिंडीपलीकडच्या दरीतल्या झऱ्यावर जाऊ लागली. उतरण अशी की शेळीचाही पाय घसरावा. रोज ती घागर डोक्यावर घेऊन चढायची आणि रांजण भरायची. हैबती झाडाखाली बसून राखण करायचा.

असं म्हणतात, की भर दुपारी, वारा पडला आणि पाखरूही हलेनासं झालं, की खिंडीत धूळ उठायची. धनगर सांगायचे, धुळीतून माणसं यायची, खाकी कपड्यांतली. रांगेनं उभी राहायची, बोलायची नाहीत. आणि रांजणातलं पाणी पेल्या-पेल्यानं खाली जायचं. गोजरा झाडाला पाठ लावून बसलेली असायची. ती रांगेकडं बघायची नाही. ओळखीचा चेहरा दिसला तर त्याला जाऊ देणं आपल्याच्यानं होणार नाही, असं ती हैबतीला म्हणाली होती.

मग ते वाईट साल आलं. पावसानं पाठ फिरवली, विहिरीचा तळ उघडा पडला, आणि भादव्यात मानमोडीचा ताप आला. घरंच्या घरं आडवी झाली. सकाळी मेलेल्याला उचलणारे दुपारी मरू लागले. मग उचलायलाही कुणी उरेना. घराघरातून एकच आवाज येत होता, पाणी, पाणी. खिंडीत बसलेल्या हैबतीच्या कानांवर तो आवाज आला. "गोजराई," तो म्हणाला, "ह्यो त्योच आवाज हाय."

रांजण आता मेलेल्यांचाही होता. ते पाणी काढलं तर दुपारी येणारे तहानलेले परत जाणार, आणि त्यांत केरबा असणार. गोजरा बराच वेळ पेला हातात धरून बसली. मग तिनं रांजणातून घागर भरली आणि ती गावात उतरली. ज्यांनी तिला विहिरीवरून हाकललं होतं, त्यांच्या दारांत गेली. आबाजी पाटलांच्या ओसरीवर त्यांची सून मरून पडली होती आणि आत पाटील तापानं फणफणत होते.

"त्याच रांजणातलं हाय, पाटील," ती म्हणाली. "आन् पेला बी त्योच."

पाटलांनी हात पुढं केला.

पण एकटी बाई किती पुरी पडणार? झरा करंगळीएवढा उरला होता, आणि आता हैबतीही तापला. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या हातानं त्याला पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याला पुरायला कुणी आलं नाही. तिनंच खड्डा खणला, करंजाच्या मुळाशी.

खड्डा बुजवून ती उठली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. ती घागर घेऊन गावात आली, आणि वेशीतच थांबली. असं म्हणतात, की दारोदार घागरी भरून ठेवलेल्या होत्या. पाटलाच्या दारात, कुंभाराच्या दारात, गावकुसाबाहेरच्या झोपड्यांच्या दारांत. काठोकाठ भरलेल्या. सांडलेल्या पाण्यानं वाट ओली झाली होती, आणि त्या ओल्या मातीत खिळ्यांच्या बुटांचे ठसे होते, दोन-दोनच्या रांगेनं. एका ठशाशेजारी कुबडीचं टोक रुतल्याची खूण होती.

गोजरा ठशांमागून चालत सुटली. खिंड चढली. करंजाखाली ठसे संपले. पुढं कोरडा दगड. तिनं एकदाच हाक मारली, "केरबा."  रांजण रिकामा होता. ती घागर घेऊन दरीत उतरली.

ताप ओसरेपर्यंत रोज दुपारी घागरी भरलेल्या मिळत गेल्या. तरी निम्मं गाव गेलं. जे वाचले त्यांनी गोजराला शोधलं, तेव्हा ती झऱ्याच्या वाटेवर बसलेली सापडली, घागर मांडीवर धरून. अंगात जीव नव्हता आणि घागर भरलेली होती. तिला हैबतीच्या शेजारी मातीत ठेवलं. पाटलांनी स्वतः खांदा दिला.

खैरवळणातली पोरं अजून फौजेत जातात. निघताना खिंडीत गाडी थांबते, आणि जो जाणारा असेल तो आणि त्याच्याबरोबर आलेले सगळे एकाच पेल्यानं पाणी पितात. कुणी तिरंग्यात परत आला, तर गाडी आधी तिथंच थांबते. गावातल्या कुठल्याही घरातली एक बाई पुढं होते, पेला भरते आणि पेटीच्या उशाशी पाणी ओतते. तोवर घोषणा नाही, रडणं नाही.

आणि सर्वपित्री अमावस्येला भर दुपारी गावात एकही माणूस बाहेर दिसत नाही. प्रत्येक दारात भरलेली घागर असते. दारं लावलेली असतात. आत बसलेले लोक मुलांना गप्प करतात आणि कान देतात. काही ऐकू येतं का, हे कुणी कुणाला विचारत नाही. ऊन कललं की दारं उघडतात, बाया घागरी उचलतात, आणि ज्या घरातला माणूस सीमेवर असेल, त्या घरची बाई आपली घागर उचलायच्या आधी उंबऱ्यापुढच्या मातीत ठसा नाही ना, हे बघून घेते.