तिसरा दिवा

एका राज्यात सगळं होतं. नदी होती, बाजार होता, आणि राजवाड्यामागे जमिनीच्या पोटात एक जुनं पेव होतं. पेव म्हणजे धान्याची खोल कोठी. तोंड एका माणसापुरतं, पोट घराएवढं. दुष्काळ पडला तरच ते उघडायचं, असा पूर्वजांचा नेम. पण त्या पेवाची कथा मात्र दरसाल दरबारात सांगायची, लोकांच्या ध्यानात राहावी म्हणून.

कथा होती दिवेगिळीची. दिवेगिळी ही पेवाच्या तळाशी पसरलेली राक्षसीण. तिला रंग नाही, वास नाही, पाऊल नाही. आधी ती दिवा गिळते, मग श्वास.

राजाचं नाव शतंजय. दरबारची कथेकरीण गोदंबा. तिचा गळा असा, की ऐकताना गाई पान्हा सोडीत. पण कथा होती लांबलचक. तिच्यात तीन दिवे, म्हणजे तीन भाग होते, आणि तिसऱ्या दिव्याला राजाला जांभई येई. राजाची जांभई म्हणजे दरबाराची झोप! गोदंबेला ते फार झोंबलं. पुढच्या साली तिने तिसरा दिवा गाळला. त्याच्या पुढच्या साली दुसरा, मग पहिलाही. त्या जागी तिने दिवेगिळीला सोन्याचे डोळे दिले, मोत्यांचा महाल दिला, वर एक गाणं दिलं. राजाने खूश होऊन हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. लोक म्हणाले, कथा आता कुठे रंगली. खोटं कशाला सांगू, मी तिथे असतो तर मीही टाळ्याच पिटल्या असत्या.

त्यानंतर सात वर्षं गेली. आठव्या वर्षी पाऊस आला नाही.

पेवावरची शिळा सरकवली. धान्य मोजणारा मापारी कान्हो, गोदंबेचा नवरा, शिडीवर पाय ठेवून हसला. म्हणाला, "सोन्याचे डोळे दिसले तर तुला एक आणतो." तो उतरला. मग खालून त्याचा आवाज आला.

"ये ना. खाली गार आहे."

आवाज कान्होचाच होता, पण मध्ये श्वास नव्हता. त्याला आणायला दुसरा उतरला, दुसऱ्याला आणायला तिसरा. असे सहा गेले. सातवा उतरला युवराज सुकेतु, राजाचा एकुलता एक मुलगा. मग सात आवाज एकदम म्हणाले, "ये ना. खाली गार आहे." लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. भर दुपारी नगराची दारं लागली.

काठावर एकटी गोदंबा उरली. तिने वाकून पाहिलं. सातही जण गोल बसले होते, छातीपर्यंत जोंधळ्यात, डोळे उघडे. पापणी लवत नव्हती.

शिळेवर पिंगळा बसला होता. एरवी अंधारात बोलणारा पक्षी उन्हात बसून माणसासारखं बोलला.

"गोदंबे, ते मेलेले नाहीत. तिच्या मुठीत आहेत. परवा सूर्य बुडाला की त्यांचे दाणे होतील."

"मूठ कशाने सुटेल?"

"तू कापलेले तीन दिवे परत आण. इथे, तिच्या तोंडावर, पुरी कथा झाली पाहिजे. एक शब्द उणा पडला, तर आठवी तू."

गोदंबेने आठवून पाहिलं. गाणं आठवलं, महाल आठवला. दिवे आठवेनात. त्या राज्याचा नियमच होता, सात वर्षं जे सांगितलं नाही ते ओठांवरून उडून जातं. तिने कपाळ बडवून घेतलं. "माझ्या हाताने मी त्याला खाली लोटलं," ती म्हणाली, आणि रडत रडतच उठली.

पहिल्या दिवशी ती आंधळ्या तेलिणीकडे गेली. तेलीण लहानपणी पेवाच्या काठी दिवा धरून उभी राहिली होती. जिभेने सोडलेलं तिच्या हाताने धरून ठेवलं होतं.

"दोन बोटं तेल घालावं," तेलीण म्हणाली. "दिवा दोराने खाली सोडावा. धान्याला टेकायच्या आत विझला, तर शिडीला हात लावू नये. मग खालून आई का हाक मारेना."

दुसऱ्या दिवशी ती म्हाताऱ्या बुरडिणीकडे गेली. तिने कधीकाळी तिथे सूप हलवलं होतं.

"कडुलिंबाचा डहाळा दोराला बांधून पेवात खालीवर घुसळावा. वरून सुपांनी वारा घालावा. ती जड आहे बाई, आपण होऊन उठत नाही, तिला उठवावी लागते. मग दुसरा दिवा सोडावा. मिणमिणला तर थांबावं."

"किती थांबावं?"

"ते तिसऱ्या दिव्यात होतं. ते मला ठाऊक नाही."

तिसरा दिवा कुणालाच ठाऊक नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी गोदंबा दरबारात गेली आणि राजापुढे कडं ठेवून तिने सगळा अपराध सांगितला. राजाचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तिसरा दिवा मला येतो," राजा म्हणाला. "बाकी कथा मी विसरलो. तेवढाच भाग आठवतो. आजोबा मला चिमटे काढून तो ऐकवीत. त्याच्याइतका कंटाळा मला जन्मात कशाचा आला नाही."

दोघं पेवाशी आली. दिवा टांगायला कडी नव्हती, म्हणून गोदंबेने ते सोन्याचंच कडं दोराला बांधलं. तिने पहिला दिवा सांगितला आणि सोडला. तो अर्ध्यात विझला. धूर वर आला नाही, आडवा पसरला आणि तसाच राहिला. मग तेलीण, बुरडीण आणि मागे लपलेले लोक एकेक करून पुढे आले. डहाळा घुसळला, सुपं हलली. दुसरा दिवा खाली पोचला, पण मिणमिणला.

"आता तुम्ही, महाराज."

राजा मांडी घालून बसला आणि सांगू लागला. "पहिला दुष्काळ मेघसेनाच्या काळी. त्या साली टिटवीने नदीच्या पात्रात अंडी घातली. त्या साली गुरं हिवरावर जगली. हिवराचा पाला गुरांना चालतो, रुईचा चालत नाही. दुसरा दुष्काळ त्याच्या नातवाच्या काळी..."

एकशे आठ नावं होती. राजे, झाडं, पाखरं, गवतं. डहाळा खालीवर होत होता. अठ्ठ्याऐंशीव्या नावाला खालून युवराजाचा आवाज आला.

"तात, पुरे झालं. हात द्या."

राजा अडखळला. सावल्या लांबल्या होत्या. "गोदंबे, सूर्य उतरला. शेवटची वीस नावं सोडू?"

त्याच क्षणी खालून कान्हो म्हणाला, "गोदे, कंटाळलो गं." घरी तो तिला याच नावाने हाक मारी. तिचं काळीज फाटलं. तिने राजाचं मनगट घट्ट धरलं.

"एकही नाव गाळू नका, महाराज. एकदा गाळलं ते पुरे झालं."

राजाने एकशे आठही नावं घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नाव चुकलं नाही. शेवटचं नाव संपलं तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. गोदंबेने तिसरा दिवा सोडला. तो खाली गेला, धान्याला टेकला, आणि देवघरात जळावा तसा शांत जळत राहिला.

तेव्हा तिला कळलं. दिवेगिळीला उठून जायला जितका वेळ लागतो, तितकीच ती यादी लांब होती. शहाण्या पूर्वजांनी थांबण्याचं माप कथेत घालून ठेवलं होतं, आणि थांबता थांबता पोरांनी झाडं-पाखरं आणि जुने दुष्काळ शिकावेत अशी सोयही केली होती. ते माप तिने कंटाळवाणं म्हणून कापलं होतं.

काठावरून काहीतरी जड, गार, पायांना चाटून गेलं. खाली सात जण एकदम खोकले. शिडी हलली. आधी युवराज वर आला, सर्वांत शेवटी कान्हो. त्याने गोदंबेकडे पाहिलं आणि म्हणाला, "सोन्याचे डोळे नव्हते गं तिला."

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि भर लोकांत त्याच्या गळ्यात पडली.

पेवातलं धान्य घरोघर गेलं, पुढच्या साली पाऊस आला, राज्य सावरलं. कडं आजही त्या दोरालाच आहे. दरसाल दरबारात कथा होते, आणि तिसऱ्या दिव्याला पोरं जांभया देतात. गोदंबा त्या जांभया बघते, समाधानाने हसते, आणि आणखी सावकाश सांगते.

कथा पुरी झाली, दिवा जळतो आहे. आता खाली उतरा.