मखरातला चुंबक

घरोघरी वीज नव्हती तेव्हाची गोष्ट. खंडेनवमीला अवजारांनी चुंबकाला झेंडूचा हार घातला आणि आरती म्हणत तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत बसवलं.

"मी आलोय. आता दिवा लागणारच!" चुंबक म्हणाला.

गुंडाळीला जोडलेला दिवा काळाच होता.

"एवढी ताकद तुझ्या पोटात ओततोय, तरी अंधार? निघालो मी!" चुंबक तणतणत बाहेर पडला.

दिवा लख्खकन पेटला आणि तो बाहेर थांबताच विझला!

चुंबक धावत आत शिरला, दिवा पुन्हा चमकला. तो ऐटीत टेकला मात्र, दिवा विझला.

"अगं, मी इथंच आहे की!" चुंबक गुंडाळीवर ओरडला.

"एका जागी बसून आहात म्हणूनच," गुंडाळी म्हणाली. "तुम्ही पहिल्यांदा आत शिरलात, तेव्हाही लागला होता. पण सगळे डोळे मिटून तुमची आरती म्हणत होते."