मथूआत्याचा गूळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा वाकी नदीवर पूल नव्हता. नांदरूकवाडीच्या माणसाला पलीकडे जायचं तर वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधायची, तिच्यावर पोट टेकायचं आणि हातांनी पाणी मारत जायचं. पलीकडच्या काठावर मथूआत्या राहायची. ती सुईण होती. दोन्ही काठांवरची निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातात, असं म्हणतात.

हात तिचा लोण्याचा, पण जीभ मिरचीची. बाळंतिणीलाही सोडायची नाही. लोक हसण्यावारी न्यायचे, कारण अडल्या वेळी तीच धावून यायची.

त्या वर्षी वाडीतली गजरा पहिलटकरीण होती. सातवा लागला आणि तिचं पोट मधूनच दगडासारखं कडक होऊ लागलं. घटकाभर राहायचं, पुन्हा सैल पडायचं. पोर घाबरली. तिनं मथूआत्याला बोलावलं. आत्या आली, पोटावर हात ठेवला, म्हणाली, "काय न्हाय. लेकरू अंग ताणतंय." आठ दिवसांनी पुन्हा बोलावणं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला आत्याच्या घरी मळणी चालली होती. मळणी टाकून ती आली, तर पोट आपलं मऊ. परतताना नदीवर धुणं धुणाऱ्या बायांसमोर ती म्हणाली, "हिच्या पोटात ल्योक हाय का पावटं शिजत्यात, कुणाला ठावं!"

साऱ्या काठाला हसू फुटलं. तिथेच धुणं धूत असलेल्या गजराच्या सासूनं मान खाली घातली, आणि घरी जाऊन सुनेला काय बोलली ते सांगायला नको.

चौथ्या खेपेला गजरानं कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस पोट घट्ट होत राहिलं, कंबर भरून येत राहिली, आणि ती ओठ दाबून जात्यावर बसून राहिली. अंगावरून पाणी गेलं तेव्हा घरात कळलं. मथूआत्या धावत आली, पण लेकरू फार कोवळं होतं. ते राहिलं नाही.

"आदी का न्हाय बोलीवलंस गं?" आत्यानं विचारलं.

गजरा भिंतीकडे बघून म्हणाली, "पुन्यांदा हसू झालं आसतं."

मथूआत्या उठून आपल्या काठाला परतली. ती तीन दिवस जेवली नाही, असं म्हणतात. चौथ्या दिवशी तिनं गुळाची ढेप फोडली, खडे पदरात बांधले आणि दोन्ही काठांवरच्या प्रत्येक गरोदर बाईच्या दारात गेली. दरेकीच्या हातावर मूठभर चिंचोके ठेवून तिनं एकच गोष्ट सांगितली.

"पोट कडक झालं की तांब्याभर पानी पी, लघवीला जाऊन ये, डाव्या कुशीवर पड. सुटलं तर लेकरू खेळतंय म्हन. न सुटलं तर चुलीवर भात ठिव, आन् पोट आवळंल तवा एक चिंचोका वाटीत टाक. भात शिजूस्तवर चार पडलं तर मला बोलीव. अंगावरनं पानी गेलं, रगत दिसलं, लेकरू हलंना झालं, न्हायतर दिस भराय आवकाश आसून कंबर दुखाय लागली, तर भात बी ठिवू नगं. तशीच बोलीव. आन् खोटं निघालं, तर मी तुला गूळ दीन."

लोकांना वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. फुकट बोलावणाऱ्या बाईला उलट गूळ कशाचा? पण आत्या बोलली तशी वागली. कितीदा तरी ती व्यर्थ आली आणि दर वेळी गुळाचा खडा देऊन गेली. मिरचीची जीभ कुठे गेली कोण जाणे. वाडीतल्या पोरी धीट झाल्या.

पुढच्या वर्षी गजराला पुन्हा दिवस गेले. आठवा सरत होता आणि वाकीला पूर आला होता, दोन्ही काठ भरून. त्या दुपारी भात शिजायच्या आत वाटीत पाच चिंचोके पडले. पुराच्या आवाजात हाक ऐकू जाणार नव्हती. गजरा सासूला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. एवढ्या पान्यात म्हातारीला कुठं..." सासूनं पुढचं ऐकलंच नाही. तिनं स्वतःचं लाल लुगडं बांबूला बांधलं आणि काठावर जाऊन उंच धरलं.

मथूआत्यानं लुगडं पाहिलं आणि सांगड पाण्यात लोटली. पूर झाडं उपटून नेत होता, पण म्हातारी पाण्यात उतरली तशी नदी तिच्यापुरती थबकली, असं म्हणतात. काठावर उभ्या असलेल्या गड्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, असंही म्हणतात.

ती निथळत गजराजवळ आली, हात शेकून घेतले आणि पोटावर ठेवले. पोट मऊ होतं. दिवेलागणीपर्यंत ती हात ठेवून बसली. पोट पुन्हा आवळलं नाही, आणि आतलं लेकरू तिच्या तळव्यावर लाथा मारत राहिलं.

गजराला रडू कोसळलं. "आत्या, म्या तुमचा जीव घेतला आसता. फुकट आलासा."

मथूआत्यानं पदराची गाठ सोडली. एवढ्या पुरातून आली, पण पदरातला गूळ कोरडा होता, असं म्हणतात. कसा, ते मला विचारू नका. तिनं खडा गजराच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "फुकट आले, ह्येच तर माझं नशीब. मागल्या खेपंला फुकट आले न्हवते."

महिन्यानं गजराला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, ठणठणीत.

आता वाकीवर पूल आहे. सांगडी कुणी बांधत नाही, चिंचोक्यांच्या जागी मोबाईलचं घड्याळ आलंय. पलीकडे उपकेंद्र आहे, तिथे नर्सबाई असतात, आणि त्यांच्या टेबलावर वाडीनं भरून ठेवलेला गुळाचा डबा असतो. नव्या बदलून आलेल्या नर्सबाईंना पहिल्याच दिवशी सांगतात, हा गूळ बाळंतिणीचा नाही, फुकट आलेलीचा आहे.

अजूनही एखादी पोर पोट धरून जाते, तपासून घेते आणि खडा चघळत पुलावरून परत येते. खाली धुणं धुणाऱ्या बाया मान वर करून विचारतात, "मिळाला का गं गूळ?"

ती "मिळाला" म्हणते. बाया पुन्हा धुण्याला लागतात. त्या काठावर हसत मात्र कुणी नाही.