हैबतीची चाल

नदीवर पूल नव्हता, पैलतीराला जायचं तर होडीत बसायचं नाहीतर धोतर खोचून पाण्यात उतरायचं, त्या काळातली ही गोष्ट. नदीच्या अलीकडं कारळं, पलीकडं सोनखडी. दोन्ही गावांचा देव एकच, भैरोबा, म्हणून जत्राही एकच. एक साल ती कारळ्यात भरे, एक साल सोनखडीत. आणि जत्रेची शेवटची कुस्ती ठरलेली असे. कारळ्याचा हैबती आणि सोनखडीचा दस्तगीर.

हैबती धनगराचा. असं म्हणतात, मेंढरांमागं हिंडायच्या वयात त्यानं लांडग्याचा जबडा दोन्ही हातांनी धरला आणि माणसं धावत येईतो धरून ठेवला. दस्तगीर मुलाण्याचा. तो सोनखडीत शड्डू ठोकायचा, तेव्हा कारळ्याच्या चिंचेवरचे बगळे उडायचे. असं म्हणतात.

पहिल्या जत्रेला हैबतीनं दस्तगीरला अस्मान दाखवलं. पुढच्या जत्रेला दस्तगीरनं फेड केली. त्याच्या पुढच्या सालाला दोघं दिवस मावळेपर्यंत झुंजले, कुणाचीच पाठ मातीला लागेना, शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. दोन्ही गावं नाचली. असे तोलामोलाचे गडी कुठल्या गावाला मिळतात? पण मग पुढल्या सालीही बरोबरी झाली. त्याच्या पुढल्या सालीही झाली. पुढंही होतच राहिली, तेव्हा पारावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आणि एक शब्द कारळ्यात शिरला. नुरा.

नुरा म्हणजे आतून ठरवून केलेली कुस्ती. वर शड्डू, आत संगनमत. पैलवानाला हा शब्द शिवीपेक्षा झोंबतो.

हैबतीसाठी घरोघरून पाळीनं दूध यायचं. ते आधी पातळ झालं. मग एकेका घरची म्हैस आटली, निदान सांगितलं तरी तसंच. तालमीत तो शिरला की बोलणं थांबायचं. ज्यांनी त्याला पहिला डाव शिकवला ते सिदू वस्तादही त्याच्या खांद्यावर हात ठेवीनासे झाले. एका संध्याकाळी त्याची बायको राही भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, एक विचारू? रागावू नका. लोक म्हणत्यात ते खरं न्हाई न्हवं?"

हैबती भरल्या ताटावरून उठला. पण कुसळ आत गेलं ते गेलंच.

कारण आपण नुरा केला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग वर्षानुवर्षं बरोबरी कशी? आपण केला नसेल, तर त्यानं केला असेल. गेल्या जत्रेला दस्तगीरनं त्याची मान काखेत दाबली होती. डोळ्यांपुढं काजवे चमकले होते. आणि मग, कसा कोण जाणे, तो सुटला होता. सुटला, की सोडला? या एका प्रश्नानं त्याला पोखरायला सुरुवात केली. कुणी सांगितलं असेल दस्तगीरला? पाटलानं? वस्तादांनी? की त्याला आपली कीव आली? कीव आली असेल, या विचारानं तर त्याला घास उतरेना.

शेवटी तो उठला आणि सरळ नदीवर गेला. पैल काठाला दस्तगीर म्हशी धूत होता. हैबती पाण्यात उतरला, मांडीभर पाण्यातून पलीकडं गेला आणि म्हणाला, "खरं सांग. माझी मान धरली हुतीस, म्या संपलो हुतो. मग हात ढिला का केलास?"

दस्तगीरच्या हातातला पेंढ्याचा बोळा तसाच राहिला.

"म्या? ढिला तू केलास. पाय धरून माझा पट काढलास, उचलून आपटायचं तेवढं ऱ्हायलं हुतं, आन् सोडलंस. तवापास्नं मला झोप न्हाई."

"म्या न्हाई सोडलं. तू निसटलास."

"मग तूबी निसटलास."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. तोंडावरनं खोटं वाटत नव्हतं, पण खरंही मानवेना. हैबती आला तसा परत फिरला. दोघं बोलत होते तेवढ्यात बाजारची माणसं घेऊन होडी तिथून गेली होती. दिवे लागायच्या आत दोन्ही गावांत झालं, "आमी डोळ्यांनी बघितलं. नदीत उभं ऱ्हाऊन ठरवत हुते!"

त्या वर्षीची जत्रा कारळ्यात होती. पाटलानं चावडीवर सगळ्यांदेखत सांगितलं, "औंदा कुस्ती निकाली. पाठ लागंपर्यंत कुणी सोडवायची न्हाई. आन् हैबती, औंदा नुरा झाला, तर बायकोला घेऊन गाव सोडायचं."

हैबती मान खाली घालून "व्हय" म्हणाला. वस्ताद काही बोलतील म्हणून त्यानं वाट पाहिली. ते जमिनीकडं बघत होते.

जत्रेच्या दिवशी मैदानाभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. कारळ्याची माणसं एका अंगाला, सोनखडीची दुसऱ्या. पण दरवर्षीची आरोळी नव्हती. माणसं डोळे बारीक करून बसली होती, जसा सावकाराकडं गहाण सोडवायला आलेला माणूस दागिना उलटासुलटा करून बघतो तशी. हलगी कडाडली. दोघांनी माती कपाळाला लावली, हात मिळवले, आणि भिडले.

ती कुस्ती ज्यांनी पाहिली, त्यांची नातवंडंसुद्धा आता मातीत गेली. पण असं म्हणतात, त्या दिवशी मावळतीचा सूर्य डोंगराच्या खांद्यापाशी आला आणि तिथंच थबकला. निकाल लागल्याशिवाय त्यालाही जाववेना. अंगावरच्या घामानं कुस्तीच्या हौदातल्या मातीचा चिखल झाला. कुणी म्हणत होतं मान धर, कुणी म्हणत होतं टांग मार. त्या गलक्यात हैबतीला एक आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येत होता, "नदीच्या अंगाला रेट! नदीच्या अंगाला!" आवाज गावातलाच होता. त्यानं दस्तगीरला नदीच्या अंगाला रेटलं.

त्या कोपऱ्यात पोचताच दस्तगीर एकदम खचला. एवढा पहाडासारखा गडी, पण उजवा पाय दुमडला आणि तो खाली आला. हैबती वर बसला. आता नुसतं उलटं करायचं बाकी होतं. पोरगंही करील एवढंच. कारळ्याची माणसं उभी राहिली. कित्येक वर्षांनी त्याच्या नावाचा जयघोष उठला, आणि त्यात वस्तादांचाही आवाज होता.

हैबतीनं खाली पाहिलं. दस्तगीरच्या पायाखालचा चिखल लाल झाला होता.

त्याला सगळं कळलं असं नाही. एवढंच कळलं, की हे आपल्या हातानं झालेलं नाही. जयघोष कानात होता. राही कुठंतरी गर्दीत उभी असणार होती. गाव, घर, दूध, वस्तादांचा खांद्यावरचा हात, सगळं त्याला एकदा उलटं केलं की परत मिळणार होतं. आणि हैबतीनं हात सोडले.

"नुरा!" कुणीतरी ओरडलं. मग सगळं कारळं ओरडलं. "नुरा! नुरा!" खडे येऊन अंगावर पडायला लागले. हैबतीनं पाठ त्यांच्याकडं केली, दस्तगीरचा पाय मांडीवर घेतला आणि दातांनी काटा उपसला. बाभळीचा, बोटाएवढा. तो उंच धरला तेव्हा पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या. मग तो गुडघ्यांवर बसून माती उकरायला लागला. तसे आणखी काटे निघाले. एकेक काटा शेणाच्या गोळ्यात, टोक वर करून रोवलेला आणि उन्हात वाळवलेला. वाऱ्यानं आलेले काटे असे उभे राहत नसतात.

"कुणी पेरलं?" हैबतीनं विचारलं.

हलगी थांबली होती. हौद वस्तादांनी खणून घेतला होता. राखणीला पाटलाचे गडी होते. मातीत हळद-ताक कालवायला घरोघरच्या बाया आल्या होत्या, त्यांत राहीही होती. हैबती एकेका तोंडाकडं बघत गेला. प्रत्येक तोंड त्याला चोराचं वाटलं, आणि प्रत्येक तोंड ओळखीचं होतं.

सोनखडीच्या माणसांनी काठ्या उचलल्या होत्या. हैबतीनं दस्तगीरला खांद्यावर घेतला आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "मारायचं तर मला मारा. गावाला मारू नका, कोण हाय ते मलाबी ठाव न्हाई. ह्याचा पाय बरा हुईस्तवर म्या तुमच्यात ऱ्हातो. न्हाई झाला, तर माझा पाय तोडून घ्या."

असं म्हणतात, तो दस्तगीरला खांद्यावर घेऊन पैलतीराला पोचेपर्यंत सूर्य डोंगरावरच थांबला होता. पाय कोरड्या वाळूवर पडले, आणि मग एकदम अंधारलं.

सोनखडीत त्याला कुणी भाकरी दिली तर दाराबाहेर दिली. दस्तगीरची आई जैनबी त्याला लेकाजवळ एकटं बसू देत नसे. "काटं तूच पेरलंस, आन् आता पाय चेपतूस व्हय?" ती म्हणायची.

"चाची, म्या पेरलं असतं तर सोडला असता का?"

"ते तुला ठाव आन् तुझ्या देवाला."

तो लेप आणायचा, तर ती म्हणायची, "आधी तुझ्या अंगाला लाव." तो लावायचा. ती त्याच्या कातडीकडं टक लावून बसायची, आणि काही होत नाही असं दिसलं की मग लेकाच्या पायाला लावायची. पाय सुजून मडक्याएवढा झाला, काळानिळा पडला, उतरला. जीव वाचला. पण शिरा आखडल्या त्या आखडल्याच. दस्तगीर काठीशिवाय चालणार नव्हता. कुस्ती तर संपलीच.

तेव्हा सोनखडीची माणसं कुऱ्हाड घेऊन जैनबीच्या अंगणात आली. "बोली ध्यानात हाय न्हवं?"

"हाय," हैबती म्हणाला. त्यानं सरपणातला ओंडका ओढला आणि त्यावर उजवा पाय ठेवला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण पाय हलला नाही. जैनबी दारात उभी होती. तिनं त्या दिवशी पहिल्यांदा तोंड फिरवलं.

काठीचा आवाज आला. दस्तगीर लंगडत बाहेर आला आणि ओंडक्यावर त्या पायाशेजारी बसला.

"पाय माझा गेलाय," तो गावाला म्हणाला. "म्या सांगतो काय करायचं ते. घरला जावा."

मग हैबतीकडं वळला. "तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. त्या दिशी तू हात सोडलास. आजवर माझ्या अंगावर तुझा ढिला हात कधी पडला नव्हता, म्हणून तो कसा लागतो ते मला ठाव नव्हतं. आता ठाव झालंय. ह्या आधी तू एकदाबी सोडलं नव्हतंस, हैबती. एकदाबी न्हाई."

एवढा लांडग्याला धरणारा गडी, तो ओंडक्यावर बसून ढसाढसा रडला. असं म्हणतात, जैनबीनं त्याला घरात घेतलं आणि त्या संध्याकाळी दोघांना एका ताटात वाढलं. तिनं तो घास आधी कुणाला चाखायला लावला नाही.

हैबती कारळ्याला परतला. गाव सोडायला त्याला कुणी सांगितलं नाही, पण गावानं त्याला परत धरलंही नाही. आता संशय फिरून उलटा आला होता. त्याच्यावरचा सुटला आणि घराघरांत जाऊन बसला. वस्ताद पाटलाकडं बघत, पाटील वस्तादांकडं. "नदीच्या अंगाला" ओरडणारा आवाज कुणाचा, हे हैबतीला आयुष्यभर कळलं नाही. देवळात, बाजारात, मयताला, कुठंही चार माणसं बोलायला लागली की तो मान वाकडी करून ऐकत राही. राहीनं एकदा विचारलं, "माझाबी वहीम येतो का वो तुमास्नी?" तो म्हणाला, "यायचा. आता न्हाई येत." ती म्हणाली, "मला तुमचा येत हुता. म्हंजी फिटंफाट झाली." आणि दोघं हसली. एवढं एक घर तरी सुटलं.

पुढं कारळ्याच्या पाळीची जत्रा आली. हौद खणून तयार होता. सोनखडीहून नवा गडी आला होता, आणि त्याला घेऊन दस्तगीर काठी टेकत आला होता. कारळ्याचा गडीही लांग कसून उभा होता. हलगी वाजणार, तोच हैबती हौदाच्या काठावर गेला आणि पायातल्या वहाणा काढल्या.

"आधी कारळं चालंल," तो म्हणाला. "घरटी एक माणूस. अनवाणी. नदीच्या अंगापास्नं सुरुवात. कुणी केलं ते म्या विचारत न्हाई. पर ज्यानं माती खणली त्यानं चालावं, ज्यानं राखली त्यानं चालावं, जिनं ताक वतलं तिनं चालावं. पाहुण्याचा पाय शेवटाला पडंल."

पहिला तो स्वतः चालला. मग राही. मग बराच वेळ कुणीच नाही. मग सिदू वस्ताद उतरले, म्हाताऱ्या तळव्यांनी माती दाबत दाबत गेले. मग पाटील. मग घरामागून घर. असं म्हणतात, त्या दिवशी कारळ्यातलं एक दार बंद होतं आणि त्या घरचं कुणी मैदानात आलं नाही. कुणाचं घर, ते मात्र जो तो वेगळं सांगतो.

आता नदीवर पूल आहे. भोंग्यावरून पैलवानांची नावं पुकारतात. पण कारळ्याच्या पाळीच्या जत्रेला शेवटच्या कुस्तीआधी हैबतीची चाल झाल्याशिवाय हलगीवर काठी पडत नाही. सरपंच असो, मुंबईहून आलेला नोकरदार असो, कालची सून असो, घरटी एक माणूस वहाणा काढून हौदात उतरतो आणि नदीच्या अंगापासून चालत सुटतो. सोनखडीची माणसं काठावर बसून बघतात. ती पायांकडं बघत नाहीत. तोंडांकडं बघतात.